लार्सनचा खून झाला नव्हता

लार्सनला मारलं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. नाही, 'मिलेनियम' ही गुन्हेकथांची मालिका लिहिणाऱ्या स्वीडिश पत्रकाराचा, स्टीग लार्सनचा, खून झाला नव्हता. 9 नोव्हेंबर 2004 ला स्टॉकहोममध्ये त्याच्या कचेरीच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. तो जिन्यानं सात मजले चढून गेला आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय 50. तीन कादंबऱ्यांची हस्तलिखितं प्रकाशकाकडे पोचली होती. पहिली छापून आली ती पुढच्या वर्षी.

तरी प्रश्न थांबत नाही. गुन्हेकथांवर बोलायला मला कुठंही बोलावलं की लार्सनचा विषय निघतो, आणि विषय निघाला की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तो अटॅक खरंच अटॅक होता का हो? का मारलं त्याला?" शंका यायला कारणंही आहेत. नाझी विचारांच्या टोळ्यांची माहिती काढण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस. सतत धमक्या. त्यात तारीख 9 नोव्हेंबर. 1938 साली याच रात्री जर्मनीत नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली होती, प्रार्थनास्थळं जाळली होती. एवढं सगळं एका रेषेत आल्यावर मन कट शोधणारच.

इकडे कोल्हापुरात हाच प्रश्न वेगळ्या आवाजात येतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना आणि 16 फेब्रुवारी 2015 ला इथं पानसरे अण्णांना सकाळच्या फेरीच्या वेळी गोळ्या घातल्या गेल्या. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांच्या तोंडी "मारलं का?" हा प्रश्न कादंबरीतून आलेला नसतो. त्यांना मी 'छे, उगाच काहीतरी' असं म्हणून उडवून लावत नाही. मात्र एवढं नक्की सांगते, की लार्सनच्या गोष्टीत खून आहे. तो दुसऱ्या माणसाचा आहे, आणि त्या माणसाबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्याचं नाव ब्योर्न सॉडरबर्ग. स्टॉकहोममध्ये नोकरी करणारा, कामगार संघटनेतला साधा कार्यकर्ता. त्याच्याच कामाच्या ठिकाणी युनियनच्या कार्यकारिणीवर एक जण निवडून आला होता आणि तो निओ-नाझी, म्हणजे आजच्या काळात नाझी विचार चालवणारा, होता. सॉडरबर्गनं ही माहिती बाहेर आणली, एका कामगार वर्तमानपत्रानं ती छापली, त्या माणसाला पद आणि नोकरी दोन्ही सोडावी लागली. 12 ऑक्टोबर 1999 ला सॉडरबर्गला त्याच्या राहत्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं. त्यानं पुस्तक लिहिलं नव्हतं. 'हा माणूस आपल्यात बसलाय, आणि तो कोण आहे हे सगळ्यांना कळायला हवं' एवढंच तो म्हणाला होता. लार्सन वीस वर्षं जे काम करत होता तेच त्यानं आपल्या कचेरीपुरतं केलं.

लार्सनचं काम नेमकं काय होतं हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर अपुरं राहील. स्वीडनच्या उत्तरेला, कडाक्याच्या थंडीच्या मुलखात 1954 साली तो जन्मला. आईवडील तरुण होते, हातात पैसा नव्हता. आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत तो आजी-आजोबांकडे एका लहानशा खेड्यात वाढला. आजोबा पक्के कम्युनिस्ट, नाझींचा मनापासून तिरस्कार करणारे. युद्धात स्वीडन तटस्थ होता, पण नाझींबद्दल आपुलकी असलेले लोक त्या देशातही होते आणि युद्ध संपल्यावर ते कुठं पळून गेले नाहीत. 1951 साली युरोपभरचे फॅसिस्ट एकत्र जमले ते स्वीडनच्याच माल्मो शहरात. हे आजोबांच्या पिढीला माहीत होतं. बाकीचा देश ते सोयीनं विसरला.

1979 च्या सुमारास लार्सन टीटी या वृत्तसंस्थेत लागला आणि तिथं जवळजवळ वीस वर्षं टिकला. तिथं तो शोधपत्रकार नव्हता. बातम्यांसोबतचे नकाशे, आलेख, आकृत्या तो काढायचा. फेब्रुवारी 1986 मध्ये पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा भर रस्त्यात खून झाला, तेव्हा घटनास्थळाचे नकाशे त्यानं काढले. पाल्मे प्रकरणानं त्याला पुढं कधी सोडलं नाही. खरं काम सुरू व्हायचं ते नोकरीचे तास संपल्यावर. 1983 पासून तो 'सर्चलाइट' या ब्रिटिश फॅसिस्टविरोधी मासिकाला स्वीडनच्या बातम्या पाठवायचा. अतिरेकी गटांची पत्रकं, मासिकं, न्यायालयांचे निकाल, कोण कुठल्या सभेला दिसला, तोच माणूस दहा वर्षांनी कुठल्या पक्षाच्या यादीवर आला, हे सगळं तो जमवत गेला. 1991 मध्ये ॲना-लेना लोदेनियस या पत्रकार सहकारिणीबरोबर त्यानं स्वीडनमधल्या कडव्या उजव्या गटांवर पुस्तक लिहिलं.

हे काम कंटाळवाणं आहे, आणि त्याचा कंटाळवाणेपणा मला फार मोलाचा वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं की अतिरेक्यांशी लढणारा पत्रकार म्हणजे वेश बदलून आत शिरणारा, मध्यरात्री कुणाला तरी भेटणारा. लार्सनची खरी ताकद जुळवणीत होती. नाव, तारीख, ठिकाण, फोटो. कुणी 'मी त्यांच्यातला नाही' म्हणालं तर 'अमुक साली अमुक व्यासपीठावर तुम्ही होतात' असं कागद समोर ठेवून सांगता येणं. द्वेषाच्या राजकारणाला विस्मरण लागतं, आणि त्यानं एका देशाला विसरू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

1995 मध्ये त्यानं काही जणांबरोबर 'एक्सपो' हे अशा गटांवर नजर ठेवणारं नियतकालिक काढलं. त्या काळात गोऱ्यांच्या वर्चस्वाची गाणी काढणाऱ्या टोळ्यांचा स्वीडनमध्ये मोठा धंदा होता आणि वांशिक द्वेषातून खून पडत होते. 'एक्सपो'ची छपाई आणि विक्री करणाऱ्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा 1996 मध्ये 'आफ्तोनब्लादेत' आणि 'एक्सप्रेसन' या एकमेकांच्या कट्टर स्पर्धक दैनिकांनी तो अंक आपापल्या वाचकांपर्यंत पोचवला. 1999 साल तर फारच वाईट गेलं. मे महिन्यात निओ-नाझींशी संबंध असलेल्या बँक दरोडेखोरांनी मालेक्सांडर गावाजवळ दोन पोलिसांना मारलं. जूनमध्ये या गटांवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या गाडीत बॉम्ब फुटला. तो आणि त्याचा लहान मुलगा जखमी झाले. ऑक्टोबरमध्ये सॉडरबर्ग. मग 30 नोव्हेंबरला स्वीडनच्या चार मोठ्या दैनिकांनी एकाच दिवशी, एकाच मजकुरासह निओ-नाझी आणि गुन्हेगारी टोळ्यांमधल्या 62 जणांची नावं आणि फोटो छापले. यातल्या एखाद्याच संपादकानं ते छापलं असतं तर त्याच्या दारावर दुसऱ्या दिवशी कोण उभं राहिलं असतं, हे त्या चौघांनाही कळत होतं. चौघांनी मिळून छापलं. पत्रकारितेवर माझा विश्वास डळमळतो तेव्हा मी तो दिवस आठवते.

आता घराकडं येते. लार्सन आणि एव्हा गॅब्रिएलसन 1972 मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधी सभेत भेटले. ती पुढं वास्तुविशारद झाली. बत्तीस वर्षांची सोबत, पण लग्न नाही. "एवढा स्त्रियांच्या बाजूनं बोलणारा माणूस, मग लग्न का नाही केलं?" असंही मला विचारतात, आणि सूर जरा आरोपाचा असतो. एव्हानं याचं कारण स्वतः सांगितलं आहे: लग्न केलं असतं तर नोंदीतून पत्ता उघड झाला असता. स्वीडनमध्ये 1766 पासून सरकारी कागद लोकांना खुले आहेत. नागरिकांचे पत्तेही सहज मिळतात. याच खुलेपणाच्या जोरावर लार्सन अतिरेक्यांच्या नोंदी काढायचा, आणि याच खुलेपणातून अतिरेकी त्याच्या दारापर्यंत येऊ शकत होते. 1993 मध्ये एका निओ-नाझी नियतकालिकानं त्याचा फोटो आणि पत्ता छापलाही होता. लपून राहायचं तर दोघांचा संबंध कागदावर दिसता कामा नये. म्हणून ते दोघं कागदावर नवरा-बायको झाले नाहीत.

या एका गोष्टीवर मी दरवेळी जास्त वेळ थांबते. आपल्याला गोळी दिसते, बॉम्ब दिसतो. धमकी माणसाच्या घरात शिरून रोजच्या लहान लहान निर्णयांवर बसते, ते दिसत नाही. लग्न करायचं की नाही, खिडकीजवळ बसायचं की नाही, फोन कुणी उचलायचा. पत्रकारांना धमक्या आल्या तर काय करावं यावर लार्सननं 2000 मध्ये स्वीडनच्या पत्रकार संघटनेसाठी एक मार्गदर्शिका लिहिली, ती या अनुभवातून. सिगारेटी, कॉफी, जागरणं हेही त्या आयुष्यात होतंच. त्यांचा हिशेब धमक्यांच्या खात्यावर मांडायला मी तयार नाही. तसं करणं त्याच्यावरही अन्याय होईल आणि सत्यावरही.

कादंबऱ्या त्यानं रात्री लिहिल्या, स्वतःच्या आनंदासाठी. जगभर 8 कोटींहून जास्त प्रती खपल्या, त्यातली एकही त्यानं पाहिली नाही. 'मिलेनियम' मालिकेतलं मासिक 'एक्सपो'सारखं आहे असं म्हणतात. मला ते त्याला हवं असलेलं 'एक्सपो' वाटतं. पहिल्या कादंबरीचा पहिला भाग उघडतो तो एका आकड्यानं: स्वीडनमधल्या 18 टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषानं धमकावलं आहे. रहस्यकथेच्या वाचकाला तो आकडा अडखळायला लावतो, आणि तो तिथं मुद्दाम ठेवलाय. जानेवारी 2002 मध्ये फादिमे शाहिंदाल या कुर्दी वंशाच्या तरुणीला तिच्या वडिलांनी मारलं, तेव्हा स्वीडनमध्ये मोठी चर्चा पेटली, की हा 'त्यांच्या' संस्कृतीचा दोष. लार्सननं तिच्या शेजारी एका स्वीडिश तरुणीचा, मेलिसा नॉर्डेलचा खून ठेवला आणि विचारलं की हा मग कुणाच्या संस्कृतीचा? स्त्रियांवरची हिंसा 'त्या लोकांची' म्हणून बाजूला ढकलली की द्वेष पसरवणाऱ्यांना ती फुकट वापरायला मिळते, हे त्याला त्या गटांची पत्रकं वर्षानुवर्षं वाचल्यामुळे दिसत होतं. आपल्याकडं जातीच्या आणि धर्माच्या नावानं झालेले मुलींचे खून आठवा आणि कुठल्या खुनावर कोण ओरडलं, कुठल्यावर कोण गप्प बसलं ते आठवा. त्याचं म्हणणं समजायला स्वीडनला जावं लागत नाही.

त्याच्या इशाऱ्याचं काय झालं, हेही विचारा. 2001 मध्ये त्यानं मिकाएल एकमनबरोबर 'स्वीडन डेमोक्रॅट्स' या कडव्या उजव्या पक्षावर पुस्तक लिहिलं. 1988 साली स्थापन झालेला हा पक्ष कुठल्या मुळांतून आला ते त्यात दाखवलं. तेव्हा या पक्षाचा एकही खासदार नव्हता. 2010 मध्ये पक्ष 5.7 टक्के मतं घेऊन संसदेत आला, 2022 मध्ये 20.5 टक्के मतं मिळवून दुसऱ्या क्रमांकावर पोचला. त्याच वर्षी पक्षानंच नेमलेल्या इतिहासकारानं संस्थापकांमधल्या काहींचे नाझी गटांशी असलेले संबंध लेखी मांडले. लार्सन जाऊन तेव्हा अठरा वर्षं होत आली होती.

राहिली एव्हा. स्वीडनच्या कायद्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला वारसा आपोआप मिळत नाही. 1977 मध्ये आफ्रिकेत इरिट्रियाला जाण्याआधी लार्सननं एक मृत्युपत्र लिहिलं होतं. त्यात आपलं सगळं त्यानं उमेओ शहरातल्या एका डाव्या संघटनेला दिलं होतं. पण त्यावर साक्षीदारांच्या सह्याच नव्हत्या, त्यामुळे ते कायद्यानं टिकलं नाही. कादंबऱ्यांचे हक्क आणि पैसा वडील आणि भावाकडे गेला. बाजू कुणाची बरोबर यावर स्वीडनमध्ये खूप भांडण झालं, ते मी इथं काढत नाही. ज्या धमक्यांपासून एव्हाला वाचवण्यासाठी लग्न टाळलं, त्याच निर्णयामुळं बत्तीस वर्षांच्या सोबतीनंतर त्यानं लिहिलेल्या एका ओळीवरही तिचा अधिकार उरला नाही, एवढं मात्र खरं.

म्हणून वर्गात पत्रकारितेचं शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींना मी लार्सन शिकवते तेव्हा शेवटचा अर्धा तास कागदपत्रांवर घालवते. मृत्युपत्राला स्वीडनमध्ये दोन साक्षीदार लागतात. आपल्याकडंही 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणं, तो लागू असलेल्यांना, दोनच लागतात. साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मुलं हसतात, आम्ही तर अजून विशीत आहोत म्हणतात. मृत्युपत्र लिहिलं तेव्हा लार्सन बावीस वर्षांचा होता, असं मी त्यांना सांगते आणि सह्या कुठं करायच्या ते दाखवते.