गोळ्या पोटात टिकाव्यात म्हणून

आमच्या धाकट्या भावजींचा टीबीचा कोर्स पुरा झाला, तेव्हापासून सांगलीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणी मंडईत गाठतं, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून आवाज खाली करून विचारतं, "वहिनी, गोळ्या सुरू झाल्यात, पोटात काही ठरत नाही. तुम्ही काय देत होता?" बहुतेकदा ते 'ओळखीतल्या एकासाठी' असतं. ही ओळखीतली व्यक्ती विचारणाऱ्याच्याच घरात आहे, हे मला कळतं, पण मी खोदून विचारत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं नीट लिहिते.

काय द्यायचं याच्या आधी कधी द्यायचं, ते बघा. साध्या टीबीचं औषध सहा महिन्यांचं असतं. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पिरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं, पुढचे चार महिने पिरॅझिनामाइड सोडून बाकीची तीन. त्यातली पहिली दोन रिकाम्या पोटी जास्त चांगली अंगी लागतात, आणि मळमळतंही रिकाम्या पोटीच जास्त. सगळी अडचण इथेच आहे. भावजींना गोळ्या टिकेनात, तेव्हा डॉक्टरांनी आधी थोडं कोरडं, बिनतेलाचं खायला परवानगी दिली. औषध थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण उलटून पडता कामा नये, असं त्यांनी समजावलं. काही जणांना ते रात्री झोपताना गोळ्या घ्यायला सांगतात. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यायची की नाही, हेही त्यांनाच फोन करून विचारायचं.

कोरडं म्हणजे आमच्याकडे चुरमुरे. सांगलीच्या घरात चुरमुऱ्यांचा डबा नाही असं होत नाही. फक्त भडंग नको. तेल, लसूण, तिखट यातलं काहीही न लावलेले कोरे चुरमुरे मूठभर, सावकाश चावून. साळीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्याही चालतात. सकाळी तोंडाला पाणी सुटून उमळायला लागतं, तेव्हा असलं कोरडं खाणं पोटात बसतं. चहा त्या वेळी टाळलेला बरा.

गोळ्यांनंतर तासाभराने आंबील. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाण्यात सोडून शिजवायचं, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घालायची. आंबील खूप आंबट झाली तर छातीत जळजळ होते, म्हणून ताक ताजं घ्या. पहिल्या आठवड्यात पातळ, मग हळूहळू दाट. एका वेळी अर्धी वाटीच द्या, पण दर दोन तासांनी द्या. ताट वाढून "एवढं संपवाच" म्हणून समोर बसू नका. भरल्या ताटाकडे बघूनच त्या माणसाचा जीव घाबरा होतो.

वासाचं कुणी बोलत नाही, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लसणाची फोडणी, कांदा परतल्याचा वास, वाफाळता रस्सा यांनीच निम्मी मळमळ उठते. त्यामुळे रोगी झोपलेला असताना किंवा बाहेर बसलेला असताना स्वयंपाक उरकायचा आणि जेवण कोमट वाढायचं. गुरगुट्या भात, त्यावर मुगाचं बिनफोडणीचं वरण आणि लिंबू एवढ्यावर आम्ही बरेच दिवस काढले. नुसतं डाळीचं पाणी मात्र देऊ नका. त्यात ताकद फारशी नसते. डाळ घोटून सगळीच पोटात जाऊ द्या.

आलं खरंच उपयोगी आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात त्याचं मोठं पीक आहे, आपल्याकडे ताजं मिळतं. पातळ चकती, सैंधव, लिंबाचे दोन थेंब, एवढं जिभेवर ठेवायचं. आलेपाकाची लहान वडीही चालते.

हळदीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. हळदीच्या पेठेच्या गावात राहतो, त्यामुळे जो येतो तो चमचा चमचा हळद दुधातून द्यायला सांगतो. भाजी-आमटीत पडते ती चिमूट ठीक आहे. पण या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो, आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. गुळवेलीच्या काढ्याचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याने यकृताला सूज आल्याचे रुग्ण मांडले, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्या माणसाला हे सहा महिने काढा नको, आणि दारू तर अजिबात नको. पित्ताचं पातळ औषधही गोळ्यांसोबत परस्पर पाजू नका, त्यातल्या काहींमुळे गोळीचं शोषण कमी होतं.

आता जे स्वयंपाकघरात सुटणारच नाही, ते सांगते. रिफाम्पिसिनने लघवी पहिल्या दिवसापासून नारिंगी होते. घरचे घाबरतात, कुणी उष्णता म्हणून गोळ्या थांबवतात. त्या रंगाला घाबरू नका. पण लघवीचा रंग आधीच बदललेला असल्यामुळे कावीळ त्यावरून ओळखू येत नाही, म्हणून रोज उजेडात डोळ्यांचं पांढरं बघा. ते पिवळं दिसलं, उलट्या थांबेनात, अन्नाची पार शिसारी आली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर आंबील करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. हातापायाला मुंग्या येत असतील तर तेही सांगा, त्यावर बी-6 ची गोळी देतात.

खर्चाचं कुणी विचारत नाही, तरी सांगते. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी पैसे येतात. 2018 मध्ये ते महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. नाव लागेल या भीतीने काही घरं खातं क्रमांकच देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पैशात महिन्याची अंडी आणि शेंगदाणे येतात, आणि या आजारात झिजलेल्या अंगाला नेमकं तेच लागतं.

दोन महिन्यांनी पिरॅझिनामाइड बंद झाली की बऱ्याच जणांचं पोट निवळतं. भूक उघडते. तेव्हा उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चटणी, दूध-भाकरीचा काला, घट्ट वरण, जे मागतील ते द्या. वजन वाढायला लागतं, खोकला गेलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच "आता कशाला गोळ्या?" असं घरात कुणीतरी म्हणतं. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि उरलेले चार महिने गोळ्या रोज आपल्या हाताने द्या.