तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना बंदीच्या पुस्तकांच्या गोष्टी कशाला?

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी पोरांना पुस्तकं वाचायला देते, आणि दोन-तीन महिन्यांनी कुणाची तरी आई नाहीतर वडील दारात उभं राहून हेच विचारतात, मॅडम, एवढी चांगली पुस्तकं असताना बंदी घातलेल्या पुस्तकांच्या गोष्टी कशाला सांगता? मागच्या रविवारी परत एका ताईंनी विचारलं, गर्दीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहूनच टाकते.

सुरुवात ठरवून झाली नव्हती. आठवीतला एक मुलगा बहिणीला सोडायला यायचा आणि बाहेर पायरीवर मोबाइल बघत बसायचा, आत यायचाच नाही. त्याला एकदा सहज विचारलं, शाळेत ‘बलसागर भारत होवो’ म्हणता का रे? हो, पाठ आहे म्हणाला. म्हटलं ते साने गुरुजींच्या ‘पत्री’ नावाच्या पुस्तकातलं आहे आणि त्या पुस्तकाच्या प्रती इंग्रजांनी जप्त केल्या होत्या. झालं, मोबाइल खिशात गेला. ‘यात काय आहे जप्त करण्यासारखं?’ मग जे गाणं इतकी वर्षं तो रांगेत उभं राहून म्हणत होता ते त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून, थांबत थांबत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बंदी म्हटलं की पोरं पुस्तक हातात घेतात, पण शेवटपर्यंत वाचतात ती कोण घाबरलं आणि कशाला घाबरलं हे शोधायला.

काकासाहेब खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घ्या. १९०७ ला रंगभूमीवर आलं, १९१० ला सरकारनं बंदी घातली. नाटकात सगळी महाभारतातली माणसं, विराटाचा दरबार, सैरंध्री, भीम, इंग्रजाचं नावसुद्धा कुठे नाही. मी पोरांना एवढंच सांगते आणि म्हणते आता तुम्हीच शोधा सरकारला काय झोंबलं ते. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबच्या लांब, अडखळतात, तरी वाचतात, आणि कधीतरी कुणीतरी ओरडतंच, मॅडम, कीचक म्हणजे व्हाइसरॉय, कर्झन! मग धर्मराज कोण, भीम कोण यावर अशी भांडणं जुंपतात की शेजारच्या मागांचा खडखडाटसुद्धा ऐकू येत नाही. मवाळ आणि जहाल हे शब्द त्यांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असतात, इथं त्यांच्यावरनं दोन मित्र तासभर एकमेकांशी बोलत नाहीत, मला फार बरं वाटतं ते बघून.

आणि आपण तर सोलापूरचे. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घातली म्हणून माणसं पकडली जायची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. गड्ड्याच्या जत्रेला जाता-येता आपली पोरं ते चार पुतळे बघतात, पण त्यातले कुर्बान हुसेन ऐन विशीत ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे हे कितीजणांना कुणी सांगितलंय?

नको ते पोरांच्या हाती लागेल ही तुमची भीती मला कळते, मी पण आई आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं, ही गोष्ट मी कॉलेजच्या मुलांना सांगते, सातवीतल्यांना नाही. आणि बंदी होती म्हणून पुस्तक चांगलंच असतं असं पण नाही, काही कंटाळवाणी निघतात, पोरं तसं तोंडावर सांगतात आणि सांगावंच.

पण मला खरी काळजी दुसऱ्याच बंदीची वाटते. आपल्या घरात एक शब्द आहे, अवांतर. दहावी आहे, अवांतर वाचू नको. माझ्याकडे येणारी एक मुलगी आईबरोबर विड्या वळते आणि विडीच्या सुपाखाली पुस्तक लपवते. साधं प्रवासवर्णन हो! कुठल्या सरकारनं त्याच्यावर बंदी घातली नाही, कोर्टात कुणी गेलं नाही, तरी ती पोरगी जप्तीच्या मालासारखं लपवून वाचते, आणि पकडली गेली की पुढचे दोन रविवार येत नाही. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

ताई, तुमच्या मुलीनं या रविवारी जे पुस्तक नेलंय ते दप्तरात तळाशी असेल. तिला रागावू नका. संध्याकाळी तुम्ही भाकरी करायला बसलात की तिला शेजारी बसवा आणि वाचून दाखव म्हणा, जिथं मराठी अडेल तिथं ती तेलुगूत सांगेल तुम्हाला, तिला ते छान जमतं, मी ऐकलंय. आणि रविवारी येताना तुम्ही पण या.