शिवप्रतापदिनाला प्रतापगडावर जाताय? आधी पंचांग बघा

गेल्या वर्षी १० नोव्हेंबरला रजा टाकून प्रतापगड गाठला, तर गडावर एक शाळेची सहल आणि बाकी सगळी माकडं. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, तारीख चुकली नव्हती. पण गडावर शिवप्रतापदिन होतो तो तिथीनं, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला. ताकवाल्या मावशी हसल्या, "तारखेनं आलासा व्हय? पंचांग बघायचं की!"

यंदा बघितलं. साताऱ्याहून पहाटे साडेचारला निघालो. मेढा, केळघर, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट. महाबळेश्वरापासून गड साधारण २४ किलोमीटर, पण त्या दिवशी तास धरून चाला. धुकं, वळणं आणि झेंडे लावलेल्या दुचाकी. गाडी वरपर्यंत न्यायचा हट्ट नको, कुंभरोशीच्या बाजूला जागा दिसली की लावा आणि चालायला लागा. आमच्या मागून आलेले तासभर घाटातच अडकले होते.

भवानीची पूजा झाली आणि पालखी देवळातून शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे निघाली. पुढे ढोल-ताशे, लेझीम, मग मर्दानी खेळ. नऊवारीतली दहा-बारा वर्षांची एक पोर दांडपट्टा असा फिरवत होती, की पुढच्या रांगेतले बाप्ये आपसूक दोन पावलं मागं सरले. हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टीही झाली. खरं सांगायचं तर पाकळ्या पुतळ्यापेक्षा दरीत जास्त गेल्या आणि वाऱ्यानं फेटे सुटले ते वेगळंच. पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंनी ३० नोव्हेंबर १९५७ ला केलं होतं.

भाषणं लांबतात. पहाटे स्वेटर लागतो, अकराला डोकं तापतं, तेव्हा टोपी हवीच. पाणी खालूनच घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या जड जातात. बाबांना आम्ही देवळापाशीच बसवलं.

कार्यक्रम संपला की सगळे एकदम खाली पळतात, तेव्हा तुम्ही माचीकडे वळा. मोरोपंत पिंगळ्यांनी १६५६ मध्ये बांधून घेतलेल्या या गडाचा चिलखती बुरूज, म्हणजे एकात एक अशी दुहेरी तटबंदी, गर्दीशिवाय बघायला मिळतो. समोर जावळीचं खोरं. इथं उभं राहिलं की खानाला याच रानात का बोलावलं, ते पुस्तकाशिवाय कळतं.

मग पिठलं-भाकरी. मावशींनी ओळखलं, आणि ठेच्याचा गोळा जरा मोठाच वाढला.