युरियासोबतची बाटली आणि न मिळालेली पोच

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्रात मी काउंटरवर होतो. डवरणी झाली की युरियाला रांग लागते. ४५ किलोच्या पोत्याची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. मालकाचा हुकूम असा, की सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घेतल्याशिवाय पोतं द्यायचं नाही. वरून खतविक्रीची नोंद करणाऱ्या ई-पॉस यंत्रावर कास्तकाराचा अंगठा घेताना पोती जास्त चढवायची. मी साफ नकार दिला. "पगार मी देतो का कास्तकार देते तुले?" एवढं बोलून त्यांनी मला गोदामात हमालीला लावलं.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रारीचा अर्ज घेऊन गेलो, आणि सगळं तिथंच अडलं. अर्ज सगळेच घेत होते, पोच कोणीच देत नव्हतं. "ठेवून जा, साहेब दौऱ्यावर हायेत." आवकचा शिक्का समोर टेबलावर, पण तो मारणारे बाबू रजेवर. पुन्हा गेलो तर म्हणे, तुम्ही दुकानातलेच, कास्तकाराला घेऊन या. कोणता कास्तकार येईल? बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं त्याच दुकानातून उधारीवर आणि हिशेब कापूस निघाल्यावर. तोंड उघडलं तर पुढची पेरणी कशी करायची? हे त्या टेबलामागच्या माणसाला माहीत नसेल, हे मला पटत नाही. मग पुरावा मागितला. ई-पॉसच्या पावतीवर सहा पोती, बैलबंडीत दोन, फोटो दाखवला. "फोटो चालत नाही." संतापाने माझे हात थरथरत होते.

शेवटी पोस्टाने, पोचपावतीसह, अर्ज जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना पाठवला. प्रत जिल्हा परिषदेच्या कृषी विकास अधिकाऱ्यांना. खत नियंत्रण आदेश, १९८५ चा उल्लेख केला आणि एकच मागणी लिहिली: यंत्रावरचा साठा आणि गोदामातला साठा जुळवून पाहा. निरीक्षक आले. यंत्रावर विकलेली पोती गोदामात थप्पीलाच होती. विक्री बंदचा आदेश निघाला तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

एक सांगायचं राहिलं. मालकाचा हुकूम तोंडी असतो. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर विचारून घ्या, "युरियासोबत बाटली द्यायचीच ना?" उत्तर जपून ठेवा. पावतीचा फोटो कुठं दाखवताना कास्तकाराचं नाव झाका, उधारीची वही अजून दुकानातच असते.

नोकरी मी सोडली. शेवटचा पगार अडकला आहे. त्यासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय. तिथं पोच लगेच मिळाली.