तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यात दशावतार कशाला?

"दशावतार बघावा तर गावच्या जत्रेत. ठाण्यात मैदानावर मंडप घालून कसला बघता?" मालवणी महोत्सवाचे दिवस आले की आमच्या तळकोकणातल्या या लोकनाट्याबद्दल हे मला कोणी ना कोणी विचारतंच. गेल्या वर्षी तर खुद्द मेव्हण्याने विचारलं, आणि तो वेंगुर्ल्याचा!

तुमचं म्हणणं खोटं नाही. गावी पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्री नाटक उभं राहतं आणि पहाटे दहीहंडी फुटते. म्हणून तर आमच्याकडे दशावताराला धयकालोच, म्हणजे दहीकालाच, म्हणतात. इथे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री 10 वाजता स्पीकर बंद. मग काटछाट आलीच, आणि पहिली कात्री लागते आडदशावताराला. मूळ आख्यानाआधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. मग वेद चोरणारा काळाकुट्ट संकासुर लाल जीभ लोंबवत पोरांवर धावून जातो, मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. ठाण्यात हे बहुतेक वेळा गणपतीवरच आटोपतं. मला ते अजिबात पटत नाही. आयोजकांना दरवर्षी सांगतो, सत्कार कमी करा, भाषणं कमी करा, पण संकासुराला हात लावू नका.

तरी जातो. कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरतं, बोलणं मात्र उभ्या उभ्या सुचतं. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. पेटी, पखवाज, झांज. बाकी सगळं नटाच्या जिभेवर, आणि ती जीभ समोरची माणसं बघून चालते. माणसं बदलली की नाटक बदलतं. एकदा राजाने उशिराचं कारण विचारलं, तर इतका वेळ शुद्ध मराठीत बोलणारा नारद एकदम म्हणाला, "म्हाराजानू, घोडबंदर रोडार अडाकलेलंय!" मंडप हसून लोळला. ते वाक्य कुठल्याच जत्रेत झालं नसतं. ते आमचं होतं.

आणि आई. ती 81 वर्षांची आहे, गुडघे गेलेत. एसटीने गाव गाठून रात्रभर देवळासमोर बसणं आता तिला जमायचं नाही. गेल्या वर्षी नाटक संपल्यावर मी तिला हात धरून रंगपटाकडे नेलं. स्त्रीपार्टी करणारा पोरगा खोबरेल तेलाने रंग पुसत बसला होता. अर्ध्या चेहऱ्यावर अजून राणी, कपाळावर कुंकू, अंगात बनियन. आईला बघून उठलाच.

"आये, बस हय."

"खंयचो रे तू?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. आईच्या माहेरापासून दोन वाड्या पलीकडचं. मग कोणाची विहीर, कोणाचा फणस, कोण वारलं, सगळं निघालं. तेलाचा बोळा त्याच्या हातात तसाच राहिला. बाहेर पेटारे टेम्पोत चढत होते, दुसऱ्या दिवशी त्यांचा खेळ दुसरीकडे होता. कोणीतरी हाक मारली तेव्हा कुठे तो उठला, वाकून आईच्या पाया पडला.

रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. तीन हात नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "सगळा बरा झाला. पण संकासुर काय इलो नाय रे."