आमची वाटचाल : शाळांच्या वेबसाइटपासून ऊसतोडीच्या गेमपर्यंत

आम्ही मुळात पुण्यात शाळांच्या वेबसाइट आणि ई-लर्निंगचे व्हिडिओ करणारी चार-पाच जणांची कंपनी, काम बरं चालायचं पण कंटाळवाणं. त्यात स्पेंट नावाचा अमेरिकेतला गेम हाती लागला, 2011 चा, ब्राउझरमध्येच चालतो, हातात हजार डॉलर आणि त्यात महिना काढायचा. ग्राफिक्स म्हणाल तर काहीच नाही, तरी ऑफिसात दुपारभर कुणी काम केलं नाही. म्हटलं असं आपल्याकडचं करू, आणि आपल्याकडचं म्हटलं की ऊसतोडीला जाणाऱ्यांचं बीड आलंच.

गेम असा की दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, मग हंगामभर खोपीत मुक्काम. रात्री ट्रॅक्टर भरायला आलाय आणि पोरगी तापलीये, दवाखाना गाठला तर खाडा पडणार आणि त्याचे पैसे कापणार, नाही गाठला तर... ठरवा तुम्हीच. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तोच मुकादम.

उसाच्या फडात वाढलेली एक मुलगी, आता कॉलेजला आहे, तिला मानधन देऊन सोबत घेतलं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून मीठ-मिरची निघते ते कुठाय? आणि पाण्याला कोण जातं तुमच्या गेममध्ये?" मग बायकोची झोप नवऱ्यापेक्षा कमी ठेवली, आणि वर्गात मुलं सगळ्यात जास्त भांडतात ती यावरूनच.

शाळावाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मार्क कसे देणार, लीडरबोर्ड आहे का? नाही, आणि ठेवणारही नाही, दुसऱ्याचं दुःख समजण्यात पहिला नंबर कुणाचा हे कसं काढायचं हो? एक मोठी ऑर्डर यापायी गेली, जाऊ दे. आमच्या मते खरं काम खेळून झाल्यावरच्या गप्पांत होतं, म्हणून अर्धा तास खेळ नि मग चर्चा, शिक्षकांना प्रश्नांचा कागद आम्हीच देतो. आठवीतला एकजण चिडून म्हणाला, सर यात जिंकायचा ऑप्शनच नाही, फेक आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, मग ते लोक दरवर्षी कशाला जातात? तो तास गप्पांतच संपला.

पैसे खाजगी शाळांच्या वार्षिक फीमधून येतात, थोडे कंपन्यांच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून), झेडपी शाळांना फुकट. तिथली लॅब बहुतेक बंदच, म्हणून एक मोबाइल, एक प्रोजेक्टर आणि हात वर करून मतदान, आणि खरं सांगू, हेच जास्त रंगतं.

सांगलीकडची शेतकऱ्यांची पोरं मात्र म्हणाली, आमच्या पप्पांकडनं ऊस तोडणारे टोळीवाले खुशाली, म्हणजे ठरल्यापेक्षा वरचे पैसे, घेतात, ऊस वाळत उभा असतो, ते पण दाखवा की! बरोबरच आहे. आता शेतकऱ्याच्या बाजूचा दुसरा गेम करतोय, तो बीडच्या पोरांना खेळायला द्यायचा आणि पहिला सांगलीच्या. गाळप सुरू व्हायच्या आत तयार करायचाय आणि साउंडचं काम अजून अडकलेलंच आहे.