हरवलेल्या पुस्तकाची नोंद

मी 2011 साली कामाला लागले तेव्हा संस्थेच्या तीन बालवाड्या होत्या. तीन ताया, एक लोखंडी कपाट आणि हिशेबाला सरांची डायरी. आता एकेचाळीस बालवाड्या आहेत. डायरी गेली, टॅब आले. कुठल्या पाड्यावर किती मुलं बसली, किती आया महिन्याच्या बैठकीला आल्या, हे संध्याकाळी ऑफिसला दिसतं. वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तीन बालवाड्या असताना ताईंचं मानधन चार-चार महिने थकायचं, ते आता एक तारखेला होतं.

दर शनिवारी मुलं एकेक चित्रांचं पुस्तक घरी नेतात आणि सोमवारी परत आणतात. घरी आईनं वाचून दाखवायचं. टॅबवर त्याचं पान आहे: ‘पालकाने पुस्तक वाचून दाखवले का? हो / नाही.’ नाही दाबलं की पुढचे प्रश्न उघडतच नाहीत. आणि आमच्या निम्म्याहून जास्त आयांना वाचता येत नाही. सरळ नाही दाबायचं आणि पुढच्या घरी जायचं, अशी माझी सवय झाली होती.

एका वर्षी दिवाळीनंतर एक पुस्तक परत आलं नाही. चाळीस रुपयांचं, कोंबडी आणि घारीचं. नेणारी पोरगी आईबापाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेली. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या भागात याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. पावसाळ्यात शेठकडून उचल घेतलेली असते, ती दिवाळीनंतर विटा थापून फेडायची. पाडे ओस पडतात आणि आमचे पट कोसळतात. वर्षाअखेरीची पुस्तकमोजणी तोंडावर होती. ऑफिसातून दोनदा विचारणा झाली, तेव्हा मी एसटीत बसले. जाण्यायेण्याचं भाडं पुस्तकापेक्षा जास्त झालं, हे मी कुणाला बोलले नाही.

अकराच्या सुमाराला भट्टीवर पोचले. विटा थापायचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं, त्यामुळे या वेळेला पुरुष आडवे झालेले आणि बाया भांड्यांपाशी. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेलं खोपट, आत वाकूनच जावं लागतं. मला बघून पोरीची आई उठली ती घाबरूनच. मी काही विचारायच्या आत तिनं पेंढ्यात हात घातला आणि खताच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं.

“नाय फाडलं ताई. एकच पान गेलं. ह्यांनी तंबाखू बांधली त्यात.”

पुस्तक विटेच्या रंगाचं झालं होतं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर लाल अंगठे, मोठे आणि बारके. मी म्हटलं, असू दे. मग सवयीनं पोरीला विचारलं, गोष्ट सांगतेस?

ती मांडी घालून बसली. पहिलं पान उघडलं. पुस्तकात लिहिलंय, ‘एक होती कोंबडी. तिला होती सहा पिल्ले.’ पोरगी म्हणाली, “कोंबडी जगायला चाललीय.” पुढच्या पानावर घार घिरट्या घालते. “ही मोजते. सहा हायत का पाच, बघते. कमी भरली तर पैसं कापते.” एवढ्यात शेजारच्या भोंग्यांतली पाच-सात पोरं येऊन टेकली होती. ती पुढचं पुढचं आधीच ओरडत होती. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. फाटलेल्या पानापाशी पोरीनं तळहात पसरून पुस्तकावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत ते पानही सांगितलं. कोंबडी घारीच्या अंगावर धावून जाते ते पान. तिच्या गोष्टीत कोंबडी म्हणते, आधी आमचा हिशेब दाखव.

आई तोंडाला पदर लावून हसत होती. “मला कुठं वाचता येतं. चित्रं बघून रचलं. चूल पेटली का सगळी पोरं इथंच येतात.”

आमच्या प्रशिक्षणात बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवर एक अख्खा तास असतो. 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेनं भोंगाशाळा चालवल्या, तेही सांगतात. हा तास मी स्वतः कितीतरी वेळा घेतलाय. आणि इथे येताना माझ्या पिशवीत एकसुद्धा पुस्तक नव्हतं. टॅब, त्याचा चार्जर आणि पाण्याची बाटली.

टॅब काढून मी ‘हो’ दाबलं. पुढचे चार प्रश्न उघडले. किती वेळा वाचले? त्यात जास्तीत जास्त ‘पाच किंवा अधिक’ एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. या पालकाची नोंद निरक्षर आहे, ताई, मग वाचून दाखवलं कसं? ओळ लाल येतेय, दुरुस्त करा. फोनवरची मुलगी नवी होती, तिचा काही दोष नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मनापासून ऐकलं आणि म्हणाली, छानच आहे, पण हे मी कुठल्या रकान्यात घालू?

त्यावरून आमच्या मासिक बैठकीत दीड तास भांडण झालं. सर म्हणाले, निधी देणाऱ्यांना वाचन दाखवायचंय, गप्पा नाहीत. मी म्हटलं, सर, त्या भट्टीवर जे चाललंय ते वाचन नसेल तर आपल्या बालवाडीत काय चालतं? शेवटी पुढच्या वर्षीच्या नमुन्यात तिसरा पर्याय आला, ‘चित्रे पाहून गोष्ट सांगितली’. माझी ओळ मात्र लालच राहिली, मी ती बदलली नाही.

पुस्तकही मी परत आणलं नव्हतं. टॅबवर ‘हरवले’ असं भरलं, आणि मार्चच्या प्रवासबिलातून चाळीस रुपये कापले गेले.